पाठकोरा कागद

न्यायाधीशांनी मान वर न करता सांगितलं, दाव्याचं कामकाज स्थगित, पक्षकारांनी करारात ठरल्याप्रमाणे लवादाकडे जावं, आणि माझे खांदे खाली आले. एवढंच झालं. दोन वर्षं कानांपर्यंत चढवून ठेवलेले खांदे मला न विचारता खाली आले आणि नाकातून एक लांब श्वास निघून गेला. कुणाला दिसायचं कारण नव्हतं. कंपनीचा वकील कागद गोळा करत होता, आमच्या वकीलबाई पेनाचं टोपण शोधत होत्या, पुढच्या दाव्यातली माणसं आमच्या खुर्च्या कधी रिकाम्या होतात म्हणून मागे घुटमळत होती. पण माझ्या डाव्या हाताला बायको बसली होती आणि ती न्यायाधीशांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिनं पाहिलं. सव्वीस वर्षं ही बाई माझ्या शब्दांवर नाही, माझ्या मानेवर आणि खांद्यांवर लक्ष ठेवून संसार करत आली आहे. मी लगेच खांदे वर घेतले, ओठ आवळले, हरलेल्या माणसानं करायचं ते सगळं केलं. उशीर झाला होता. तिनं मांडीवरची पर्स उचलली आणि माझ्यासाठी न थांबता बाहेर गेली.

व्हरांड्यात वकीलबाईंनी आम्हाला भिंतीशी घेतलं. वय तिशीचं, आवाज शाळेतल्या बाईंचा, आणि फाईल अशी छातीशी धरलेली की जणू मी ती हिसकावून पळणार आहे. ‘आपण हरलेलो नाही,’ त्या म्हणाल्या. हे वाक्य हरलेल्या माणसालाच ऐकवतात. ‘दावा फेटाळला नाही, थांबवलाय. करारात लिहिलंय की भांडण झालं तर कोर्टाऐवजी लवादाकडे जायचं. लवाद म्हणजे दोघांनी मिळून नेमलेला माणूस. बहुतेक एखादे निवृत्त इंजिनियर असतील. ते दोघांचं ऐकून निकाल देतील आणि तो दोघांना पाळावा लागेल.’ मी मान हलवत होतो. बायकोनं विचारलं, ‘कुठं ऐकतील?’ ‘त्यांच्या ऑफिसात. एखाद्या खोलीत.’ ‘आणि ऐकायला कोणकोण बसणार?’ ‘पक्षकार, वकील. साक्षीदार आपापल्या वेळेपुरते.’ ‘मी?’ वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं, जणू हे उत्तर मी द्यावं. मी व्हरांड्यातल्या पंख्याकडे बघितलं. ‘तुम्ही तशा पक्षकार नाही,’ त्या म्हणाल्या, ‘आणि लवादापुढं जे बोललं जातं ते तिथंच राहतं. बाहेर कुणाला सांगता येत नाही.’ बायको म्हणाली, ‘म्हणजे बंद खोली. चांगलंय.’ ते ‘चांगलंय’ माझ्यासाठी होतं.

तिला दुसरं काही नको होतं. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या नव्या इमारतीचं पोर्च पडलं, गाड्या येऊन थांबतात ते पुढचं छप्पर, आणि त्याखाली तिचा धाकटा भाऊ सापडला. आम्ही त्याला बारक्या म्हणतो. सेंट्रिंगचं काम बांधकाम कंपनीनं मला दिलं होतं, बारक्या माझा मुकादम. सेंट्रिंग म्हणजे ओल्या काँक्रीटला धरून ठेवणारा साचा. खाली टेकू, वर फळ्या. काँक्रीट आपल्या पायावर उभं राहिलं की आम्ही टेकू काढतो, फळ्या काढतो आणि निघून जातो, इमारतीत आमचं काही उरत नाही. लोक दरवाज्याचं कौतुक करतील, फरशीचं करतील, सेंट्रिंगवाल्याचं नाव फक्त काही पडलं की निघतं. तसं ते निघालं. कंपनीच्या इंजिनियरनं, जाड भिंगांच्या त्या चष्मेवाल्यानं, चार पानी अहवाल लिहिला की पोर्चला पुढून खांब नसल्यामुळं टेकू निदान तीन आठवडे ठेवायचे होते, उपकंत्राटदारानं ते कुणालाही न विचारता नवव्या दिवशी काढले. उपकंत्राटदार म्हणजे मी. पोर्च पडलं त्या दिवशीच मी इस्पितळाच्या दारात, बारक्याला आत नेलं होतं आणि बायको जिन्यावर बसून होती तेव्हा, तिला म्हणालो, चष्मेवाल्यानं सांगितलं म्हणून काढले, तोंडी सांगितलं, आता उलटेल साला. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘मग त्याला माझ्यासमोर उभा करा. शपथ घालून विचारा. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.’ तेव्हापासून आमच्या घरात तेवढं एकच वाक्य आहे. उठता बसता तेच. म्हणून दावा लावला. वकीलबाई म्हणाल्या, भरपाई मागू. मी म्हटलं, काडी नको, अहवाल खोटा ठरवा आणि माझं नाव पुसा. बायको त्या दिवशी, पोर्च पडल्यापासून पहिल्यांदा, माझ्या पुढ्यात चहा ठेवून बाजूला बसली होती. दावा लावला नसता तर ती कधीच बसली नसती, हे मला ठाऊक होतं, आणि लावला तर एक दिवस साक्षीदाराचा तो पिंजरा येणार, हेही ठाऊक होतं. मी म्हटलं, कोर्टाचं काम आहे, वर्षानुवर्षं चालतं. तोवर कोण जगतो, कोण मरतो.

जिना उतरताना ती पुढं, मी मागं. बसथांब्यावर पत्र्याच्या बाकावर आमच्यामध्ये एका माणसाची जागा ठेवून ती बसली. ऊन सरळ डोक्यावर होतं. समोर कुणीतरी रस्ता खणून तसाच टाकला होता, आणि खड्ड्याच्या कडेला लावलेली दोरी पायानं तुडवून लोक पलीकडे जात होते. कसली ही कामं! मी म्हणालो, ‘बघ, खड्डा उघडा टाकून पळालेत हरामखोर.’ ती म्हणाली, ‘खांदे दुखतात का तुमचे?’ ‘नाही.’ ‘मग?’ ‘मग काय?’ ‘काही नाही.’ आणि बस येईपर्यंत ती त्या खड्ड्याकडे बघत राहिली. मला तिचा संताप आला. माणसाला श्वास सोडायचीही चोरी. दोन वर्षं मी कोणाकोणाचे उंबरे झिजवले, कोणाकोणापुढं वाकलो, त्या चष्मेवाल्याला दर तारखेला समोरच्या बाकावर पाय पसरून बसलेला बघितला, आणि हिनं काय बघितलं, तर खांदे. बस आली तेव्हा ती बायकांच्या बाजूला जाऊन बसली, शेजारच्या रिकाम्या जागेवर पर्स ठेवली.

मी मागच्या सीटवर बसलो आणि शर्टाच्या वरच्या खिशाला हात लावला. कागद होता. सकाळपासून होता. कोर्टातही होता, आणि न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर सरकवून तो प्रश्न विचारला तेव्हा तर तो मला छातीशी टोचत होता. कंपनीच्या वकिलानं आमचा जाडजूड करार वर धरून कलम सदतीस वाचलं होतं, प्रत्येक पानावर माझी सही. करार कोण वाचतो? मी सहीची जागा तेवढी वाचतो. पण न्यायाधीश म्हातारे असले तरी झोपलेले नव्हते. त्यांनी नकाशा उलगडला आणि म्हणाले, ‘मूळ नकाशात पोर्च दिसत नाही. मग पोर्चचं काम याच करारातलं कशावरून?’ वकीलबाई ताडकन उठल्या. ‘पोर्च नंतर वाढवलं, साहेब. अशा कामाला वेगळा लेखी आदेश असतो. तो स्वतंत्र असेल तर हे कलम त्याला लागू होत नाही, दावा इथंच चालला पाहिजे. पण आमच्या अशिलाकडे तो कागद नाही.’ न्यायाधीश कंपनीच्या वकिलाकडे वळले. तो म्हणाला, ‘आमच्या दप्तरातही असा कागद नाही.’ खोटारडा! त्यांच्या दप्तरात असणारच, त्यांच्याच टायपिस्टनं टाईप केला, त्यांच्याच शिक्क्याचा आहे. पण ती बंद खोली त्यांनाही हवी होती, रस्त्यावरच्या चार माणसांसमोर पोर्च का पडलं हे त्यांनाही नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा कंपनी आणि मी एका मताचे झालो. न्यायाधीशांनी नकाशाची घडी घातली, म्हणाले, कागद नसेल तर वाढीव काम मूळ करारातच धरावं लागेल. आणि मी मूग गिळून बसलो, खिशावर हात ठेवून, छातीत कळ आल्यासारखा.

काल दुपारी वकीलबाईंचा फोन आला तेव्हा बायको समोरच कपडे घडी करत होती. ‘शेवटचं विचारते,’ बाई म्हणाल्या, ‘पोर्चसाठी वेगळं पत्र होतं का? एक पान असलं तरी चालेल. पण मूळ लागेल, झेरॉक्स नको, ते लगेच हरकत घेतील.’ मी म्हटलं, नाही हो, असतं तर दिलं नसतं का. हे म्हणताना मी भिंतीकडे बघत होतो. पत्र माझ्या हत्यारांच्या पेटीत, ओळंब्याच्या खाली होतं. एकच पान. पुढच्या बाजूला कंपनीचा शिक्का आणि पाच ओळी: पोर्चचं काम मूळ करारापासून स्वतंत्र समजावं आणि वाद झाल्यास तो इथल्या न्यायालयातच चालावा. हा कागद न्यायाधीशांपुढं ठेवला की स्थगिती उडाली, दावा उघड्या कोर्टात, चष्मेवाला पिंजऱ्यात, बायको पहिल्या बाकावर. तिला पाहिजे ते सगळं त्या पाच ओळींत होतं. आणि मागच्या बाजूला मी होतो.

हे आमच्या मेस्त्रीचं शिकवणं. मी सोळा वर्षांचा असताना ज्याच्या हाताखाली फळ्या उचलायला लागलो तो माणूस डाव्या कानामागं लाल पेन्सिल खोचून हिंडायचा, मोजमापं फळीवरच लिहायचा, फळी नसली तर तळहातावर, सिगारेटच्या पाकिटावर. ‘डोक्यावर भरवसा ठेवू नको,’ म्हणायचा, ‘डोकं संध्याकाळी घरी जातं, फळी जागेवर राहते.’ आणि कुठलंही पत्र, पावती, चिठ्ठी हातात आली की आधी उलटी करून बघायचा. पाठकोरा कागद दिसला की त्याला चेव यायचा. मागची बाजू फुकट घालवली तर कानाखाली द्यायचा, दोनदा मला दिली आहे. तेव्हापासून मला ते व्यसन लागलं. माझ्या लग्नाच्या बोलणीत जेवायला किती माणसं येणार ते मी सासऱ्यांच्याच पत्राच्या मागं लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, बायकोनं ते पुढं कितीतरी वर्षं लोकांना दाखवून मला चिडवलं. सामानाची यादी, डॉक्टरची वेळ, टेकूंचे हिशेब, सगळं कशाच्या ना कशाच्या पाठीवर. टेकू काढायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, खिशात पोर्चचं पत्र होतं. शाळेच्या कामावर स्लॅब टाकायचा होता, तिथं टेकू कमी पडत होते, तिथला माणूस बोंबलत होता. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो, पत्र मांडीवर उलटं ठेवलं आणि लिहिलं: पोर्च टेकू अठरा. चौदा काढणे, शाळेला. चार ठेवणे. गुरुवार. खाली रेघ मारली आणि सही केली. सही कशाला केली असेल? कुणी मागितली होती? फळीवर सही करायची सवय, दुसरं काय.

लाल पेन्सिल मेणाची असते, खोडली जात नाही. मी घासून बघितलं होतं, पोर्च पडल्यावर चौथ्या दिवशी, न्हाणीघराचं दार लावून. तांबूस डाग पसरला आणि कागद विरायला लागला, पुढच्या बाजूचा शिक्का मागून दिसू लागला. फाडून टाकायचा होता. का नाही फाडला? हा प्रश्न मी स्वतःला दोन वर्षं विचारतोय आणि दर वेळी मला स्वतःचीच चीड येते. आज सकाळी तर तो फाडायलाच खिशात घातला. कोर्टाच्या मुतारीत गेलो, कागद बाहेर काढला, शेजारी एक वकील शीळ वाजवत उभा होता, तो जाईपर्यंत थांबलो, मग परत खिशात घातला. कदाचित मला वाटत होतं की वकीलबाई माझा खिसा बघतील आणि म्हणतील, काय आहे ते, दाखवा. कुणीच विचारलं नाही. अशी कशी वकील? माणूस खिशावर हात धरून बसतो, आणि तुला दिसत नाही?

बस सिग्नलला थांबली. एका अर्धवट इमारतीखाली टेकूंची रांग दिसली, कुणीतरी वाकडे उभे केलेले, दोन तर नुसते दिखाऊ, वर पोचलेलेच नव्हते. मी दातओठ खाल्ले. बघितलं की मला कळतं कुठला टेकू भार घेतोय आणि कुठला नुसता उभा आहे. हात लावायचीही गरज नाही. चाळीस वर्षं झाली. आणि नऊ दिवसांच्या काँक्रीटला चार टेकू पुरतील असं मला वाटलं. वाटलं नाही, खोटं कशाला बोलू, मी वाटून घेतलं. गुरुवारी सकाळी बारक्याला फोन केला. तो म्हणाला, ‘दाजी, नऊच दिवस झालेत.’ मी म्हटलं, ‘तू मला शिकवू नको. चौदा काढ, चार ठेव.’ ‘इंजिनियरला विचारू का?’ ‘त्या चष्म्याला काय कळतंय? ट्रक येऊन उभा राहील, भर आणि पाठवून दे.’ शाळेवर चौदा टेकू वेळेत पोचले. ती शाळा आजही उभी आहे. पोरं त्या स्लॅबखाली बसून पाढे म्हणत असतील.

बारक्याला शुद्ध आली ती तिसऱ्या आठवड्यात. कमरेखालचं सगळं गेलेलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यालाही मार आहे, त्या दिवसाचं कदाचित आठवणार नाही. मी खाटेच्या पायाशी उभा होतो. बारक्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, मग बहिणीला म्हणाला, ‘मला काही आठवत नाही गं.’ मी तेव्हा बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडलो, आणि लोकांना वाटलं, मेहुण्यावर किती जीव आहे. तसा जीव होताच. त्याला मीच हाताला धरून कामाला लावला, ओळंबा कसा धरायचा ते मीच शिकवलं. त्याला घरी आणलं, बाहेरच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली. दोन वर्षं मी त्याला उचलतो, कुशीवर वळवतो. मनात म्हणत असतो, हे बघ, करतोय ना मी, फेडतोय ना. आणि तो मान बाजूला करून माझं काम संपायची वाट बघतो.

बसमधून उतरून ती तरातरा पुढं निघाली. मी हाक मारली नाही. कोपऱ्यावर ती औषधांच्या दुकानाकडे वळली, मागं न बघता म्हणाली, ‘त्याच्या गोळ्या संपल्यात, घेऊन येते,’ आणि मी एकटाच घरी आलो. बारक्यानं खिडकीच्या गजाला स्कूटरचा जुना आरसा तारेनं बांधून घेतलाय, त्यातून त्याला अख्खी गल्ली दिसते. तो मांडीवर ताट घेऊन वायरी सोलत होता, एका विजेच्या सामानाच्या दुकानाचं काम घेतो तो. मी चपला काढल्या. ‘भांडलात,’ तो म्हणाला. ‘तुला काय ठाऊक?’ ‘आरशात दिसलं. ताई पुढं, तुम्ही दहा पावलं मागं.’ मी पाणी प्यायलो. ‘काय झालं कोर्टात?’ ‘काय व्हायचंय? थांबवला दावा. म्हणे लवादाकडे जा, बंद खोलीत जा. त्या चष्मेवाल्याला वाचवलं सगळ्यांनी मिळून!’ माझा आवाज चढला, सवयीनं चढला. ‘तुझे पाय गेले, माझं नाव गेलं, आणि त्याला कुणी साधा प्रश्नही विचारायचा नाही!’ बारक्यानं वायरीचं टोक दातांत धरून ओढलं, साल थुंकली. ‘दाजी,’ तो म्हणाला, ‘ताई बाहेर गेलीय. घरात आपण दोघंच आहोत. कुणासाठी ओरडताय?’

मी पेला खाली ठेवला. तो ठेवताना वाजला. ‘बरं झालं थांबला ते,’ बारक्या म्हणाला. माझ्याकडे न बघता, आरशाकडे बघत. ‘मला आठवतंय. चौदा काढ, चार ठेव. मी म्हटलं, नऊच दिवस झालेत. तुम्ही म्हणालात, तू मला शिकवू नको.’ ‘डॉक्टर तर म्हणाले होते,’ मी म्हणालो. ‘डॉक्टर म्हणाले कदाचित. तो कदाचित मी उचलला.’ ‘कधीपासून?’ ‘पहिल्या दिवसापासून. डोळे उघडले तेव्हा तुम्ही पायाशी उभे होतात, आणि तुमचं तोंड बघूनच आठवलं.’ मी उभाच राहिलो, खाटेवर त्याच्या शेजारी बसणं शक्य नव्हतं. ‘मग बोलला का नाहीस? दोन वर्षं?’ ‘बोलून जाऊ कुठं?’ आता त्यानं माझ्याकडे बघितलं. ‘मला दुसरं घर आहे? ताईला आहे? बोललो असतो तर ती त्याच दिवशी तुम्हाला सोडून उठली असती. तिचा स्वभाव ठाऊक आहे तुम्हाला. मग मला पाठुंगळी घेऊन हिंडली असती का रस्त्यानं? म्हणून गप्प बसलो. तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी मी हा आरसासुद्धा पुसणार नाही. तुमचा हात लागला ना अंगाला, की शिसारी येते मला. पण वळवायला दुसरं कुणी नाही.’ त्यानं नवी वायर घेतली. ‘कोर्टात मात्र शपथ घालून विचारलं असतं तर खरं बोललो असतो. हे ठरवलं होतं मी. आता बंद खोलीत कुणी मला नेत नाही, आणि नेलं तरी ताईला ऐकू जात नाही. म्हणून म्हणतो, बरं झालं. माझं बरं झालं.’

काय वाटलं असं कुणी विचारलं तर शरम वाटली म्हणायला हवं. पण मला राग आला. इतका राग मला चष्मेवाल्याचाही कधी आला नव्हता. माझ्या घरात, माझ्या खाटेवर पडून हा मला सांभाळत होता! मी त्याला कुशीवर वळवत होतो, आणि हा त्या एका न आठवण्यावर माझा संसार, माझी बायको, माझं जेवणाचं ताट, सगळं तोलून धरून होता. चाळीस वर्षं नुसत्या नजरेनं सांगणारा मी, की कुठला टेकू भार घेतोय, आणि मला हे दिसलं नाही. आणि वर त्याला माझी शिसारी. म्हणजे उपकार करायचे, आणि तेही थुंकून! ‘मला नको तुझी मेहेरबानी,’ मी म्हणालो. तो हसला. ‘मग काय करणार? सांगणार तिला?’ मला सहन झालं नाही ते हे, की उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं. आरशात त्यानं बघितलं आणि म्हणाला, ‘आली. तोंड धुवा.’

ती आली, गोळ्यांची पुडी फळीवर ठेवली, माझ्याकडे न बघता आत जायला निघाली. मी खिशातून कागद काढला आणि तिच्या पुढ्यात धरला. ‘हे घे.’ ‘काय ते?’ ‘वाच.’ तिनं पर्समधून चष्मा काढला, खिडकीच्या उजेडात उभी राहिली. पुढची बाजू वर होती, घडीच तशी होती. ती बोट ठेवून वाचते, शब्दन् शब्द मोठ्यानं. ‘सदर पोर्चचे काम मूळ करारापासून स्वतंत्र समजण्यात येईल,’ ती थांबली, शिक्का बघितला, पुन्हा वाचलं. ‘वाद उद्भवल्यास तो येथील न्यायालयातच चालेल.’ बोट तिथंच राहिलं. ‘अहो!’ ती म्हणाली. ‘हाच ना? बाई काल विचारत होत्या तो हाच ना? कुठं होता हो?’ ‘पेटीत. ओळंब्याखाली.’ ‘अगं बाई! आणि तुम्हाला आठवलंच नाही! म्हणजे दावा कोर्टातच राहतो? न्यायाधीश म्हणालेच होते, कागद असला तर. बारक्या, ऐकलंस का रे? सापडला कागद!’ ती हसत होती. दोन वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता, घरातली भांडीसुद्धा विसरली असतील. ती जवळ आली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘आणि मी मेली दिवसभर काय काय मनात आणत बसले. तुमचे खांदे बघितले ना, मला वाटलं, सुटल्यासारखं झालं तुम्हाला. माफ करा हो मला. थांबा, बाईंना आत्ता फोन लावते.’

बारक्याच्या हातातली वायर थांबली होती. त्यानं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून, आणि ते ‘नको’ माझ्यासाठी नव्हतं. मला अजून वेळ होता. मी म्हणू शकत होतो, दे इकडं, उद्या मीच नेऊन देतो. तिचा हात खांद्यावर उबदार होता, फोन दुसऱ्या हातात होता, कागद दोन बोटांत.

‘आधी उलटा कर,’ मी म्हणालो.

‘काय?’

‘कागद. मागं बघ.’

‘मागं काय असणार, तुमच्या याद्याच असतील,’ ती म्हणाली, आणि तोंडावरचं हसू तसंच ठेवून तिनं कागद उलटा केला. लाल अक्षर तिच्या ओळखीचं आहे. फोनचाच कोपरा पहिल्या ओळीखाली धरून ती मोठ्यानं वाचायला लागली. ‘पोर्च टेकू अठरा,’ ती म्हणाली, ‘चौदा काढणे, शाळेला. चार ठेवणे. गुरुवार.’ मग सही. सही तिनं वाचली नाही. बारक्यानं तोंड आरशाकडे फिरवलं, आणि माझ्या खांद्यावरचा तिचा हात निघाला.